बाळंतिणीच्या खोलीची काळी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. काळी आहे, जाड आहे आणि बोलायला फटकळ आहे. यातलं काही खटकत असेल तर आत्ताच पलीकडे जा. पलीकडे औषधांच्या खोलीची भिंत आहे. ती पांढरीशुभ्र, गुळगुळीत आणि स्वभावाने गरीब आहे. वर्षाचे बाराही महिने थंडगार असते. तिला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला आहे, आणि ते मी आज कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगणार आहे.

आमची वस्ती उंच डोंगरात आहे. मोठं बर्फ पडलं की खाली जाणारा रस्ता बंद होतो, तो थेट बर्फ वितळेपर्यंत. वस्तीच्या टोकाला लहानसा दवाखाना आहे आणि दवाखान्याच्या टोकाला एक खोली. त्या खोलीत बाळं जन्माला येतात. मी त्या खोलीची बाहेरची भिंत, उन्हाकडे तोंड करून उभी असलेली. माझ्यासमोर वीतभर जागा सोडून वरपासून खालपर्यंत काचा बसवल्या आहेत. ऊन काचेतून आत येतं, मी ते गिळते आणि काच माझी ऊब बाहेर जाऊ देत नाही. माझ्या पायाशी दोन झरोके आहेत, डोक्याशी दोन. खोलीतली गार हवा खालच्या झरोक्यातून माझ्या आणि काचेच्या मधे येते, तिथे तापते आणि वरच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत जाते. ऊन उतरलं की झरोक्यांची झाकणं लावायची. मग दिवसभर पोटात साठवलेली ऊब मी रात्रभर सावकाश खोलीत सोडत राहते. मला लाकूड लागत नाही, कोळसा लागत नाही, वीज लागत नाही. फक्त ऊन लागतं आणि काळा रंग लागतो. एवढी साधी गोष्ट! पण ती माणसांच्या डोक्यात शिरायला किती वेळ लागतो, ते सांगायला मी आज बसले आहे. म्हणजे उभी आहे. बसणं माझ्या नशिबात नाही.

मला एका गवंड्याने बांधलं. माणूस भलताच हट्टी होता. त्या काळी ही खोली नव्हती. बाईचे दिवस भरत आले की तिला खाली मोठ्या दवाखान्यात न्यायचे, आणि हिवाळा असला तर डोलीत घालून बर्फातून न्यायचे. एकदा अशीच एक बाई वाटेतच बाळंत झाली, एका कपारीच्या आडोशाला. पोरगी जगली, पण आई त्या गारठ्यातून पुढे उठलीच नाही. डोलीचा एक दांडा या गवंड्याच्या खांद्यावर होता. तो परत आला तो गप्पच झाला. मग बर्फ वितळल्यावर ओढ्यातले दगड वाहायला लागला. लोकांनी विचारलं, "काय रे, काय बांधतोस?" तर म्हणाला, "ऊब बांधतोय." लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

तरुणपणी तो दूरच्या एका डोंगराळ मुलुखात कामाला गेला होता. तिथे त्याने अशा भिंती पाहिल्या होत्या. त्याने दगड निवडून निवडून घेतले. पोकळ वाजणारा दगड तो तिथल्या तिथे फेकून द्यायचा. हातभर जाडीची, मधे कुठेही पोकळी न ठेवता, चुना आणि माती कालवून त्याने मला उभी केली. मग घरोघरच्या चुलींच्या धुराड्यातली काजळी गोळा केली, जवसाच्या तेलात खलली आणि माझ्या बाहेरच्या अंगाला चोपडली. माणसं रागावली की एकमेकांना "तोंड काळं कर" म्हणतात. माझं तोंड मात्र एका माणसाने जीव लावून काळं केलं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

वस्तीने यथेच्छ नाकं मुरडली. "दवाखाना आहे का कोळशाची वखार?" असं येणारा जाणारा म्हणायचा. गवंडी एकालाही उत्तर द्यायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात पहिली बाळंतीण या खोलीत आली. तिच्या सासूबाई चार जाड पांघरुणं घेऊन आल्या होत्या. पहाटे बघतात तर सून एका पातळ चादरीत घोरत होती आणि बाळाचे गाल लालबुंद होते. सासूबाईंनी माझ्यावर हात ठेवला, मग गाल टेकला. त्या दिवसापासून वखारीचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर किती हिवाळे गेले ते मी मोजत बसले नाही. मोजायचं काम सिस्टरचं. सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्याची परिचारिका. आवाज असा, की पलीकडच्या उतारावर उभ्या माणसालाही वाटावं, आपल्यालाच ओरडतेय. तिने या खोलीत जेवढी बाळं काढली तेवढ्यांनी आता अर्धी वस्ती भरली आहे. माझे झरोके उघडायचे आणि मिटायचे, काच पुसायची, हे ती स्वतः करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. जाता येता माझ्यावर एक थाप मारायची आणि म्हणायची, "काय गं काळे, जेवलीस का आज?" ऊन पडलं होतं का, असा त्याचा अर्थ. मला कुणी काळे म्हटलेलं चालत नाही. तिने म्हटलेलं चालायचं.

पुढे वाईट दिवस आले. ओढ्यावर छोटं वीजघर झालं, घरोघर दिवे आले आणि लोकांना विजेचं वेड लागलं. खोलीत विजेचा हीटर आला. दिसायला चकाचक, लाल दांड्यांचा. सगळे त्याच्या भोवती. सिस्टर एकटी कुठवर बघणार? माझ्या काचांवर धूळ बसली, खालच्या झरोक्यात कुणीतरी फडकी कोंबली. कडाक्याच्या थंडीत ओढा गोठायचा, वीज मंदावायची आणि हीटर ऐन वेळी मान टाकायचा. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण यायची. धुळीच्या काचेतून मिळेल तेवढं ऊन खाऊन मी आपलं काम केलं. रुसले नाही. पण राग आला नाही असंही नाही.

आणि मग एक गंमत झाली. खालच्या जगाला अचानक आमच्यासारख्या वस्त्यांचं कौतुक वाटायला लागलं. कमी इंधनात घरं उबदार कशी ठेवता, पाणी कसं अडवता, वीज कशी करता, हे बघायला माणसांनी भरलेल्या गाड्या यायला लागल्या. आमच्या वस्तीच्या समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्यासाठी रीतसर सहलच आखली. आधी ओढ्यावरचं वीजघर, मग गवताच्या छपराची शाळा, मग उन्हाने पाणी तापवणारं सार्वजनिक न्हाणीघर, आणि सगळ्यात शेवटी मी.

या अध्यक्षांना सगळी वस्ती टापटीपकाका म्हणते. त्यांच्या शर्टाची इस्त्री बर्फातसुद्धा मोडत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी दारातल्या चपला आधी ओळीने लावतात आणि मग आत जातात. वर्षानुवर्षं एकटं राहून माणूस असा झाला असेल, असं सिस्टर म्हणते. कारण वाटेत गेली ती बाई त्यांची बायको. वाटेत जन्मली ती त्यांची मुलगी. तिला सगळे वाटू म्हणतात. वाटू आता मोठी झाली, तिचं लग्न झालं, शाळेत चित्रकला शिकवते. मी सांगते आहे त्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि बाळ ऐन हिवाळ्यात होणार होतं.

त्याच वर्षी खालच्या मोठ्या दवाखान्यातून निरोप आला. वरच्या खोलीत बाळंतपणं करणं सुरक्षित आहे का, ते बघायला मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः येणार होत्या. सहलीच्याच गाडीने, दुसऱ्या डोंगरी वस्त्यांच्या पाहुण्यांबरोबर. खोली पुरेशी उबदार नसेल तर ती बंद होणार होती. रस्ता बंद व्हायच्या आधीच पोटुशा बायकांना खाली न्यायचं आणि हिवाळाभर तिथेच ठेवायचं, असं ठरणार होतं.

सिस्टर ते ऐकून भडकली. "आणि जिचे दिवस आधी भरतील तिने काय करायचं? बाळाला तारीख कळते का?"

"म्हणून तर सगळं नीट दिसायला हवं," टापटीपकाका म्हणाले. माणूस वाईट नाही हो. त्यांना खोली वाचवायचीच होती. आपल्या मुलीसाठी तर हवीच होती. फक्त नीट असणं आणि नीट दिसणं यातला फरक त्यांना आयुष्यात कधी कळला नाही.

सिस्टर महिनाभर बहिणीच्या आजारपणासाठी खाली गेली. तेवढी संधी साधून काकांनी दवाखाना चकाचक करायला घेतला. माझ्या काचा काढल्या. मला वाटलं, चला, एकदाच्या पुसल्या जाणार. पुसल्यासुद्धा. पण मग काका दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शी! किती कळकट दिसते! बिचाऱ्या गवंड्याला त्या वेळी दुसरा रंग परवडला नसेल."

परवडला नसेल! मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना वाटायचं, ऊब येते ती काचेमुळे आणि दगडाच्या जाडीमुळे. काळेपणा म्हणजे गरिबी. पाहुण्यांना माझ्याबद्दल सांगतानाही ते रंगाचा भाग गाळून पुढे जायचे.

काकांनी मला पांढरा रंग दिला. एक हात नाही, दोन हात. त्यावर वाटूने सूर्य काढला. पिवळा, हसरा, लाल किरणांचा. पोटाशी हात धरून, स्टुलावर बसून तिने तो काढला. तिचा बिचारीचा काय दोष? तिला वाटलं, उन्हाची भिंत, मग उन्हाचं चित्र. सूर्य दिसायला छानच होता, ते मी नाकारत नाही. पण माझ्या छातीवर सूर्य काढून माझ्या पोटात ऊन जाणार होतं का? पांढऱ्यावर पडलेलं ऊन आल्या पावली परत जातं. काचा पुन्हा बसल्या. सगळी वस्ती बघायला आली. "काय रूप आलंय!" "ओळखूच येत नाही!" एवढं कौतुक माझं जन्मात झालं नव्हतं. आणि मी दिवसेंदिवस गार पडत होते.

त्याच रूपाचा फोटो काढून काकांनी सहलीची मोठी रंगीत पाटी छापून घेतली आणि वस्तीच्या वेशीवर लावली.

सिस्टर परत आली, खोलीत शिरली आणि दारातच थबकली. पिशवी न ठेवता आधी माझ्यावर हात ठेवला. मग धावत बाहेर जाऊन बघितलं. तिचा आवाज त्या दिवशी ओढ्यापर्यंत गेला.

"काका! कुणाच्या अकलेतून निघालं हे? हिला आंधळी करून टाकलीत तुम्ही! काळा रंग हेच हिचं तोंड होतं खायचं!"

काकांचा चेहरा उतरला. पण पाटी छापून झाली होती. खाली सगळीकडे तोच फोटो गेला होता. पाहुणे तोच सूर्य बघायला येणार होते. "भेट होऊन जाऊ दे, सिस्टर. लगेच काळी करू. तोवर मी हीटरची सोय करतो." सिस्टरने खूप आदळआपट केली, पण समितीतले सगळे काकांच्या बाजूने पडले. एवढं सुंदर चित्र कोण पुसणार? शेवटी ती दात ओठ खात गप्प बसली. मी मात्र तेव्हाच मनाशी ठरवलं, की उसन्या उबेवर माझं नाव लागू द्यायचं नाही. भिंतीने काय ठरवायचं, असं म्हणाल. पण ठरवलं खरं.

भेटीचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी बर्फ भुरभुरून गेलं होतं. पाहुणे वीजघर बघून, शाळा बघून, न्हाणीघरात गरम पाण्यात हात बुडवून खुशीत माझ्यासमोर आले. "अय्या, किती गोड!" म्हणत त्यांनी माझे फोटो काढले. काका माझ्याबद्दल भरभरून बोलत होते. मग सगळे आत आले. खोलीत बरं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र हातमोजा काढला, माझ्यावर तळवा टेकवला आणि परत हातमोजा चढवला.

"भिंत गार आहे," त्या म्हणाल्या. "मग ही ऊब कुठून येतेय?"

काकांची नजर हळूच कोपऱ्यातल्या पडद्याकडे गेली. त्या शांतपणे कोपऱ्यात गेल्या आणि पडदा सरकवला. मागे हीटर घुमत होता. आणि त्याच क्षणी, काय सांगू तुम्हाला, वीज मंदावली. लाल दांडे आधी मळकट तांबूस झाले, मग काळे. ओढा गोठायला लागला होता. काकांच्या इस्त्रीच्या कॉलरमधून घाम ओघळला.

"भिंत जुनी झाली आहे हो, मॅडम," ते पुटपुटले. "दमली आहे. पूर्वी फार चांगली होती."

दमली! मी! ओढ्याच्या दगडाला कधी दम लागतो का? मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांची अशी हजेरी घेतली असती, की शर्टाची इस्त्री मोडली असती.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी गारठलेली बाळं हातात घेतली होती, त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. त्या वाटूच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "मी दिखाव्यावर कुणाचं बाळ सोडणार नाही. आज आम्ही आणखी वरच्या वस्तीवर मुक्कामाला जातोय, उद्या संध्याकाळी परत फिरू. तयार राहा, बाळ. तुला बरोबर खाली घेऊन जाते. ही खोली बंद."

मग वाटू बोलली. ती एरवी हळू बोलणारी पोरगी.

"मी येणार नाही."

"वाटू!" काका ओरडले.

"नाही येणार, बाबा. आई त्या रस्त्यावर गेली. त्या वाटेवर एक जन्म झाला तेवढा पुरे." ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "भिंत दमलेली नाही. मी तिच्यावर चित्र काढलं म्हणून ती उपाशी आहे. उद्या संध्याकाळी परत याल ना? तेव्हा हात लावून बघा. गार असली तर मी मुकाट्याने गाडीत बसेन."

"आणि मी तुझी पिशवी उचलून देईन," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "ठीक आहे. पण हीटर बंद पाहिजे."

"हीटर मी स्वतः बाहेर फेकते," सिस्टर म्हणाली, आणि खरंच उचलून अंगणात नेऊन ठेवला.

गाडी वर गेली आणि धांदल उडाली. काचा उतरवल्या, खालच्या झरोक्यात कोंबलेली फडकी उपसली. आता काळा रंग हवा. दुकानात पांढरा होता, पिवळा होता, गुलाबीसुद्धा होता. काळा नव्हता, आणि तेलातला असता तरी एका रात्रीत वाळला नसता. "काजळी आणा, सुताराच्या सरसात कालवू, लवकर वाळेल," सिस्टर म्हणाली. पण काजळी आणायची कुठून? सगळ्या वस्तीने धूर न करणाऱ्या नव्या चुली घेतल्या होत्या. बायका घरोघर धुराड्यात हात घालून आल्या आणि स्वच्छ हात घेऊन परत आल्या. वस्तीला आपल्या स्वच्छतेचा इतका पश्चात्ताप कधी झाला नसेल.

तेव्हा वाटू शांतपणे म्हणाली, "बाबा, आपल्या घरी आहे की."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. समितीचे अध्यक्ष, धुराविरुद्ध भाषणं ठोकणारे आमचे टापटीपकाका, घरामागे जुना धुराचा बंब अजून पेटवत होते! सहल त्यांच्या गल्लीवरून का जात नाही, ते आता सगळ्यांना कळलं.

"फक्त आंघोळीपुरता," काका कसेबसे म्हणाले. "सवय आहे हो."

सिस्टर एवढं हसली की तिला खाली बसावं लागलं. "काका, आयुष्यात एकदा तरी तुमच्या अस्वच्छपणाचा उपयोग झाला! आणा, सगळी आणा!"

आणि काकांनी आणली. स्वतःच्या हातांनी धुराडं खरवडून, दोन बादल्या भरून. शर्टाची, कॉलरची, चेहऱ्याची पार वाट लागली होती. माझ्यासमोर येऊन ते उभे राहिले. कुंचला वाटूच्या हातात होता. सूर्यावर पहिला फटकारा कुणी मारायचा, यावर सगळे अडले. चित्र तिचं होतं. तिने एकदा त्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि कुंचला बुडवून आडवा ओढला. मग काकांनी दुसरा कुंचला उचलला आणि वरचे कोपरे रंगवायला शिडीवर चढले. चढता चढता माझ्याशी बोलले. "माफ कर गं," एवढंच. मी माफ केलं नाही. आधी काम, मग माफी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग वाळला, काचा पुन्हा बसल्या. पण आकाश पांढुरकं होतं. सूर्य ढगामागे लपून बसला. वाटू खिडकीपाशी बसून होती, तिची बांधलेली पिशवी दाराशी होती. सिस्टर दर थोड्या वेळाने माझ्यावर हात ठेवत होती आणि मान हलवून काढून घेत होती. मी तर आतून बाहेरून गारठलेली. इतक्या दिवसांचा उपास होता.

मग ढग फाटले. आणि मित्रांनो, मी अशी तुटून पडले त्या उन्हावर! वरून येणारं ऊन खाल्लं, अंगणातल्या बर्फावरून उसळून येणारं ऊन खाल्लं, काचेच्या कडेने चोरून येणारं तेही सोडलं नाही. मला पांढरी करता काय? मला दमली म्हणता काय? घ्या! वरच्या झरोक्यातून पहिली गरम झुळूक सुटली तेव्हा सिस्टरने तोंडावर हात घेतला. मग झुळूक थांबलीच नाही. दुपार कलली तरी मी खात होते, आणि ऊन उतरलं, झाकणं लागली, तेव्हा माझ्या दगडादगडांतून ऊब आतल्या बाजूला पोहोचायला लागली होती.

गाडी आली. डॉक्टरीणबाई घाईत आत आल्या, कारण पश्चिमेकडे बर्फाचे ढग जमले होते. मागोमाग पाहुणे. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "कोमट आहे," त्या म्हणाल्या. "कालपेक्षा बरी आहे, मान्य. पण एका दिवसाच्या उन्हावर मी एवढा मोठा निर्णय कसा घेऊ?" त्या बोलत राहिल्या. सलग ढगाळ दिवस आले तर काय, मूल अशक्त असलं तर काय, रस्ता बंद झाल्यावर मदत कोण पाठवणार. एकेक प्रश्न रास्त होता. बोलता बोलता त्यांनी गळ्यातला लोकरी पट्टा सोडला. मग हातमोजे काढले. मग कोटाची बटणं. सिस्टर एकेका बटणावर नजर ठेवून ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी कोट काढून बाजूच्या खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "थोडक्यात, बाळंतिणीला लागते तेवढी ऊब या खोलीत आहे, असं मला खात्रीने म्हणता येणार नाही."

सिस्टरने खुर्चीवरचा कोट उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

"बाई, एवढं कोट घालून म्हणा ना."

डॉक्टरीणबाईंनी कोटाकडे बघितलं. मग आपल्या उघड्या दंडांकडे बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्या चालत माझ्याजवळ आल्या, वळल्या आणि पाठ टेकून माझ्याशी उभ्या राहिल्या. दिवसभर गाडीत हिंदकळलेली पाठ होती ती. मी तिला सोडली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"सलग ढगाळ दिवसांसाठी एक छोटी चूल ठेवा. काचा रोज पुसा. आणि हिला परत कुणी रंग लावला तर मला कळवा." मग त्या वाटूला म्हणाल्या, "पिशवी सोड, बाळ. रस्ता बंद होईल तेव्हा होऊ दे. खोली बंद होणार नाही."

वाटू पिशवी सोडायला बसली आणि हमसून हमसून रडली. टापटीपकाका तोंड फिरवून दारातल्या चपला ओळीने लावायला लागले. लावलेल्याच पुन्हा लावत होते.

बर्फ पडलं. रस्ता बंद झाला. वाटूचं बाळ सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी आधी आलं, एवढंसं, सिस्टरच्या दोन तळव्यांत मावणारं. पहिले दिवस ते माझ्यालगतच्या पाळण्यात, माझ्या उबेत वाढलं. डोंगर पांढरा होता, छपरं पांढरी होती, काचेबाहेरचं सगळं जग पांढरं होतं. त्या सगळ्यात काळी एकटी मी होते.

मित्रांनो, तुम्ही कधीतरी सहलीला याल. वेशीवरची पाटी बदलली आहे, नव्या पाटीवर मी आहे तशी आहे. मला बघून नाक मुरडायचं तर मुरडा. माझा फोटो चांगला येत नाही, तर काढू नका. पण तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं जुनं, ओबडधोबड, गुपचूप राबणारं काही असेल, तर त्याला सजवण्याआधी ते कशामुळे चालतं ते विचारा. त्याची काच पुसा, त्याचा झरोका मोकळा ठेवा, आणि मग त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. आणि मला रंग लावायला कुणी आलंच, तर एकदा माझ्यालगतच्या पाळण्यातल्या बाळाच्या तळव्याला हात लावून बघा. गरम लागला, तर रंगाचा डबा उचला आणि चालायला लागा.